कपॅसिटर सरसकट बदलू नका

हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारं कीबोर्ड वाद्य) दुरुस्त करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, “जुन्या हॅमंड ऑर्गनचे सगळे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) बदला, मूळ आवाज परत येतो.” हे वाक्य अर्धंच खरं आहे. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक (आत रासायनिक द्राव असलेले) कपॅसिटर जरूर बदला, तिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण टोन जनरेटरमधल्या (फिरत्या चाकांतून स्वर तयार करणारा भाग) मेणकागदी कपॅसिटरची (साधारण १९६४ च्या आधीच्या ऑर्गनमध्ये हेच असतात) गोष्ट निराळी. वयानुसार त्यांचं मूल्य (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सरकतं, वरचे स्वर मंदावतात, आवाज गडद होतो. ते बदलले की वाद्य कारखान्यातून निघालं तेव्हाच्या आवाजाजवळ जातं, हे मान्य. पण अनेकांचा जीव त्या गडद आवाजावरच जडलेला असतो. माझ्या हातून दुरुस्त झालेला एक बी-३ (हॅमंडचं प्रसिद्ध मॉडेल) त्याच्या मालकाला चक्क बोचरा वाटला! म्हणून आधी वादकाला विचारा, जुना आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि काढलेले भाग फेकू नका.

आणि लेखात तेलाबद्दल एक ओळही नाही? टोन जनरेटरच्या बेअरिंगपर्यंत तेल बारीक सुती दोऱ्यांतून झिरपत पोचतं. बरीच वर्षं पडून राहिलेल्या ऑर्गनला आधी तेल द्या, ते मुरू द्या, मगच मोटर फिरवा. तेही त्याच्यासाठीचं पातळ तेलच. हाताला लागेल ते ओतलं तर चिकटा धरतो.