दत्तकपत्र जोडलेले नाही

आज सकाळी माझा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. शेरा, लाल शाईत: "दत्तकपत्र जोडलेले नाही." मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि फॉर्म आमच्या कोडमधून एक प्लगइन (वरून जोडायचा तयार कोड) काढून टाकल्याबद्दलचा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नातेवाईक बायकोला फोन करतील.

प्लगइनचं थोडक्यात. आम्ही जँगो वापरतो, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना उघडा), फुकट. त्यात वर्षानुवर्षं एक सोय नव्हती. पानाच्या टेम्प्लेटमधल्या (साच्यातल्या) एखाद्या तुकड्याला, समजा टेबलातल्या एका ओळीला, तिथल्या तिथे नाव द्यायचं आणि नंतर अख्खं पान न मागवता तेवढीच ओळ मागवायची, एवढंच. ते नसल्यामुळे प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करावी लागायची आणि वर्षभराने फोल्डर उघडला की रो, रो-टू, रो-न्यू, रो-फायनल अशी भावंडं रांगेत उभी. मग कार्लटन गिब्सन, जो आधी काही वर्षं जँगोचा पगारी फेलो, म्हणजे त्याची देखभाल करणारा, होता, त्याने टेम्प्लेट पार्शल्स नावाचं छोटंसं प्लगइन लिहिलं, एचटीएमएक्सवाल्यांनी (पानाचा तुकडाच बदलायचं साधन वापरणाऱ्यांनी) ते डोक्यावर घेतलं, २०२५ मध्ये गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स उपक्रमातल्या एका विद्यार्थ्याने ते जँगोच्या आत न्यायचं काम केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये जँगो ६.० आलं त्यात ते घरचंच झालं.

आता आमच्या बाजूने करायचं काय, तर सेटिंग्जमधून प्लगइनचं नाव काढायचं, रिक्वायरमेंट्समधली (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीतली) एक ओळ काढायची, आणि टेम्प्लेटांच्या डोक्यावर असलेली 'लोड पार्शल्स' ही ओळ उडवायची. बाकी टॅगांची नावंसुद्धा तीच. दोन तासांचं काम. (पायथन सोडून. जँगो सहाला किमान पायथन ३.१२ लागतो आणि आमच्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ बरोबर आलेला ३.१० सुखाने नांदत होता, त्यात माझा एक शनिवार गेला, ते जाऊ दे.) आणि हो, आधीच्या जँगो ५.२ ला २०२८ पर्यंत सपोर्ट आहे, गप्प बसलो असतो तर कुणी विचारलंही नसतं. पण मला खाज. आई म्हणते तसं, बरं चाललेलं बघवत नाही.

तर कोड झाला, टेस्ट पास झाल्या, आणि मला ईमेल आली की लायब्ररी (बाहेरून घेतलेला कोड, इथे हे प्लगइन) काढण्याआधी रजिस्टरमधून काढा.

हे रजिस्टर म्हणजे २०२१ च्या डिसेंबरचं अपत्य. तेव्हा लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं आणि जगभर धावपळ झाली. आमच्याकडे जावाची एक ओळ नाही. पण वरच्या कुणीतरी बातमी वाचली आणि विचारलं, आपण बाहेरचं काय काय वापरतो? तेव्हा कुणालाच सांगता येईना (हे मात्र खरंच लाजिरवाणं होतं, कबूल). म्हणून रजिस्टर. आणि रजिस्टर सांभाळायला बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आले, ज्यांना आम्ही तोंडावर सर म्हणतो आणि पाठीमागे काका. काकांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही आणि ते तसं स्पष्ट सांगतात, हा त्यांचा मोठेपणा. त्यांना रजिस्टर कळतं. त्यांनी आल्या आल्या बँकेतला व्हेंडरचा तक्ता जसाच्या तसा उचलला, आणि तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक ओपन सोर्स लायब्ररी ही एक व्हेंडर आहे. तिला व्हेंडर कोड आहे. पॅनचा रकाना आहे.

पहिल्या वेळी मी गेलो तेव्हा काका डबा खात होते. बसा म्हणाले. मी व्हेंडर बंद करण्याचा फॉर्म पुढे केला. त्यात कारणासाठी चार चौकोन होते: किंमत जास्त, कामगिरी असमाधानकारक, फसवणूक, इतर. मी 'इतर'वर टिक केली होती.

"इतर म्हणजे?"

"सर, ते प्लगइन आता जँगोमध्येच आलंय. वेगळं लागत नाही."

"डीजँगोमध्ये." काका डी चा उच्चार करतात. डी सायलेंट आहे हे मी एकदा सांगून बघितलं होतं, तेव्हा म्हणाले, मग लिहितात कशाला? मी म्हटलं जँगो राइनहार्ट नावाचा गिटारवाला होता त्याच्या नावावरून ठेवलंय, आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली तर उरलेल्या दोन बोटांनी वाजवायचा. काकांनी कीबोर्डवरची स्वतःची दोन बोटं बघितली आणि म्हणाले, मोठा माणूस. तेव्हापासून जँगोबद्दल त्यांना आदर आहे, पण डी काही गेला नाही.

"बरं. या पार्शलवाल्यांना आपण वर्षाला किती देतो?"

"शून्य."

"येणं?"

"तेही शून्य."

"मग ते देतायत कशाला?"

आता याला काय उत्तर आहे. मी ओपन सोर्सबद्दल थोडं बोललो, लायसन्स एमआयटी आहे म्हटलं.

"एमआयटी? आपलं कोथरूडचं?"

"नाही सर, अमेरिकेतलं."

"माझा पुतण्या कोथरूडच्या एमआयटीत होता. हुशार मुलगा. आता कॅनडात असतो, फोन करत नाही." पोळीचा तुकडा. "म्हणजे डीजँगोने यांना विकत घेतलं. मर्जर. मर्जरचं पत्र लावा, लेटरहेडवर."

"विकत नाही घेतलं सर. कुणी कुणाला पैसे दिले नाहीत."

"मग?"

इथे माझ्या तोंडून गेलं. तेव्हा जीभ चावली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, "दत्तक घेतलं असं समजा."

काकांनी डब्याचं झाकण लावलं.

"दत्तक," ते म्हणाले, आणि आवाज बदलला. "सांगतो तुम्हाला. चिंचवड ब्रँचला होतो. एक बाई आल्या, लॉकर त्यांच्या आत्याच्या नावावर, आत्या वारलेल्या, आणि ह्या म्हणाल्या मला आत्यांनी दत्तक घेतलं होतं. सगळा वाडा साक्षीला आला. भटजी आले. फोटो आणला, मांडीवर बसलेला. मी म्हटलं फोटोत मांडी दिसते, दत्तक दिसत नाही. दत्तकपत्र आणा. सहा महिने लॉकर उघडला नाही मी."

"मग?"

"आणलं त्यांनी. उघडला."

"काय निघालं आत?"

"ते मी बघितलं नाही. तो आपला विषय नाही," काका म्हणाले, आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी हा माणूस मला भयंकर आवडला. आमच्या पूर्ण कंपनीत आपला विषय कुठला नाही हे माहीत असलेला हा एकच माणूस.

मग म्हणाले, "नाव बदललं असेल."

"कुणाचं?"

"मुलाचं. दत्तक गेल्यावर आडनाव बदलतं. आधी काय होतं?"

"टेम्प्लेट पार्शल्स. आता वेगळं नाव नाही, जँगोच."

"तेच म्हणतो मी. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अॅफिडेव्हिट लागेल. शंभरचा स्टँप आता चालत नाही, पाचशेचा घ्या."

दुसऱ्या वेळी मी तयारीने गेलो. रिलीझ नोट्सची प्रिंट नेली, पिवळ्या हायलायटरने रंगवून. काकांनी ती चष्मा वर करून, मग खाली करून वाचली. "यात सही कुणाची नाही." मग एकदम विचारलं, "प्रिसिडेंट आहे का? पूर्वी डीजँगोने कुणाला असं घेतलंय?"

आणि मी गाढव, खूश झालो. कारण या विषयावर मला दहा वर्षांत कुणी काही विचारलेलं नाही. मी सांगायला लागलो की सर, आहे ना, साउथ. डेटाबेसच्या टेबलांमध्ये बदल करायचे तर जँगोत सोयच नव्हती, अँड्र्यू गॉडविन नावाच्या माणसाने साउथ नावाचं प्लगइन लिहिलं आणि सगळे तेच वापरायचे (आमच्याकडे दक्षिण ही यमाची दिशा, रात्री अकराला चालू सर्व्हरवर मायग्रेशन, म्हणजे हेच टेबलांमधले बदल, चालवताना मला ते नाव कायम पटायचं). मग ते जँगोच्याच आत नव्याने लिहायचं ठरलं, त्यासाठी त्याने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर अडीच हजार पौंड मागितले आणि लोकांनी सतरा हजारांच्या वर दिले, आणि २०१४ मध्ये १.७ बरोबर ते आलं.

"पैसे दिले!" काका खुर्चीत सरळ बसले. "आत्ता तुम्ही म्हणालात कुणी पैसे देत नाही."

"लोकांनी दिले सर. वर्गणीसारखे."

"पावती?"

तरी मी थांबलो नाही. स्टॅटिक फाइल्सचंही (चित्रं, स्टाइलशीट वगैरे) असंच, २०११ मध्ये १.३ मध्ये आत घेतलं. आणि उलटंही होतं म्हटलं, कमेंट्सचं अॅप आधी घरात होतं ते काढून बाहेर ठेवलं, लोकलफ्लेवर नावाच्या भागात आपल्या भारतातल्या राज्यांची यादी आणि पिनकोड तपासायची सोय होती, त्यालाही १.६ च्या वेळी बाहेरची वाट दाखवली, आता ते वेगळं पॅकेज म्हणून राहतं.

काकांचा चेहरा गंभीर झाला. "घरात घेऊन बाहेर काढलं?"

"हो. आधी दोन व्हर्जन वॉर्निंग देतात, मग काढतात."

"असं चालत नाही. एकदा रीतसर दत्तक झालं की रद्द करता येत नाही. १९५६ चा कायदा आहे." आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं: स्थैर्याबाबत शंका. म्हणजे माझ्या पांडित्यामुळे जँगोच्याच नावापुढे लाल खूण आली, ज्यावर आमचे सगळे प्रोजेक्ट चालतात. सीनियर मॅनेजरने मला बोलावून विचारलं की आपण जँगो सोडतोय का?

मधल्या काळात काय झालं तेही सांगतो. कोड मर्ज झालाच होता, म्हणजे मुख्य कोडात मिसळला होता, मी काही काकांसाठी थांबणार नव्हतो. पण 'लोड पार्शल्स' ही ओळ एका फाइलीत राहिली. कुठली? डिलिव्हरी चलन छापायची, जी क्लायंट फक्त महिनाअखेरीला उघडतो. प्लगइन गेलं, ओळ राहिली, जँगो म्हणालं या नावाची टॅग लायब्ररी नोंदलेलीच नाही, आणि क्लायंटला दिसली नुसती सर्व्हर एरर. ट्रक गेटवर उभा. ड्रायव्हरचा फोन क्लायंटला, क्लायंटचा सेल्सला, सेल्सचा मला. चूक माझीच, एक सर्च नीट मारला असता तर सापडली असती. पण मीटिंगमध्ये काका शांतपणे म्हणाले, "मी म्हटलं होतं, रजिस्टरमधून न काढता काढू नका," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या ओळीचा आणि रजिस्टरचा काडीचा संबंध नाही! पण ट्रक उभा असताना हे कुणाला सांगणार.

शिवाय आमच्याकडे नवीन डॅशबोर्ड आहे, कुणी किती ओळी लिहिल्या ते दाखवणारा. त्या आठवड्यात माझ्या नावापुढे उणे एकाहत्तर होतं. लाल रंगात. शेजारच्या मुलाने एआयकडून लिहून घेतलेल्या चार हजार ओळी हिरव्यागार. मी काही बोललो नाही. चहाला गेलो.

आता खरं डाचतंय ते वेगळंच. गेल्या वर्षी मी मेल केली होती की आपण जँगोवर धंदा करतो, तर जँगो सांभाळणाऱ्या जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनला महिन्याला पंचवीस डॉलर देऊ या. पंचवीस. आमच्या मजल्यावरच्या कॉफी मशीनचं भाडं त्याहून जास्त आहे. ती मेल फिरत फिरत अकाउंट्सला गेली आणि उत्तर आलं की ही संस्था नोंदणीकृत व्हेंडर नाही, जीएसटी नंबर नाही, सबब पेमेंट करता येत नाही. म्हणजे ज्याला आपण एक छदाम देत नाही तो व्हेंडर आहे, आणि ज्याला द्यायचे आहेत तो व्हेंडर नाही. घेताना मी पिप इन्स्टॉल (लायब्ररी उतरवून घ्यायची आज्ञा) म्हटलं, एंटर मारला, चार सेकंद लागले, कुणी विचारलं नाही तू कोण. मी हे काकांना म्हणालो, जरा आवाज चढवूनच. ते म्हणाले, "फुकट घेतलेल्या गोष्टीची नोंद जास्त नीट ठेवावी लागते." चिडलो होतो म्हणून तेव्हा पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

तर आज तिसरा नकार. रात्री जेवण झाल्यावर मी जँगोचं डॉक्युमेंटेशन नाही, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा उघडून बसलो. बायकोने मागून स्क्रीन बघितली आणि म्हणाली, मला विचारणार होतास की थेट सांगणार होतास? तिला समजवण्यात वीस मिनिटं गेली. पण वाचून हाती लागलं. काकांचं रद्द न होण्याचं बरोबर आहे, कलम पंधरा. पण दत्तकपत्र सक्तीचं कुठेच नाही! नोंदवलेलं, सह्या केलेलं असेल तर कोर्ट दत्तक झालंय असं धरून चालतं, इतकंच, कलम सोळा. खरी अट आहे ती मूल प्रत्यक्ष दिलं आणि घेतलं गेलं पाहिजे. आणि प्रत्यक्ष देणंघेणं तर झालंय, सगळ्या जगासमोर, तारीखवार, कोणी काय म्हटलं, कोणी काय दुरुस्त केलं, कोणी मर्ज केलं, सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, उघडं पडलंय. कुठल्या भटजीने एवढी नोंद ठेवली असती?

त्याची प्रिंट काढली. बरीच पानं झाली, शाई संपत आली. उद्या चौथ्यांदा जातोय, डबा उघडायच्या आत गाठणार. साक्षीदार म्हणून आमच्या टेस्टरला येशील का विचारलं, तर त्याचा रिप्लाय आलाय, आधार ओरिजिनल आणू की झेरॉक्स चालेल.