तुम्ही कुणाकडून?

दुपारी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, "शनिवार-रविवार काय करूया गं?" लगेच दुसरीचं उत्तर, "सांगलीत असतंय काय करण्यासारखं? पुण्याला जाऊ, एखादं नाटक बघू, खरेदी करू." त्याखाली अंगठ्यांची रांग. मी फोन पालथा ठेवला. पोळ्या केल्या. परत फोन घेतला, लिहिलं, खोडलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथं लिहितेय. त्या सगळ्या इथंही आहेत, वाचू देत.

कारण काल संध्याकाळी मी सांगलीतच नाटक बघत होते.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू आहे. हौशी संघांची. ह्यांचा गुडघा दुखतोय म्हणून एकटीच गेले. दाराशी एक टेबल, टेबलावर पत्र्याचा डबा आणि मागं नुकतं मिसरूड फुटलेला एक पोरगा. मी पैसे पुढं केले तर त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाकडून?"

लग्नाच्या दारात विचारतात ना, मुलाकडून का मुलीकडून, तसं. मला कळेचना. म्हटलं, "कुणाकडून म्हणजे?"

"म्हंजे आमच्यातल्या कुणाच्या घरच्या?"

"कुणाच्याच नाही रे. नाटक बघायला आलेय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि डबा तसाच उघडा टाकून आत पळाला. मी जाऊन बसले. दोन मिनिटांत पडद्याच्या फटीतून एक डोळा दिसला. मग दुसऱ्या बाजूनं अर्धा रंगवलेला चेहरा. मग खालून एका लहान मुलाचं डोकं. नाटक संपल्यावर कळलं की त्या पोरानं आत जाऊन सांगितलं होतं, "एक बाई बाहेरच्या आल्यात."

एक बाई. बाहेरच्या. सांगलीत, नाटकाला.

तिसरी घंटा झाली तेव्हा मी मागं वळून डोकी मोजली. परीक्षकांची तीन धरून चौतीस. त्यात दोन तान्ही पोरं.

आता हे कुठं घडलं ते बघा. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर'चा खेळ केला, तेच मराठीतलं पहिलं नाटक मानतात. सांगलीच्या राजांनी, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी, पाठबळ दिलं म्हणून झाला. म्हणूनच ५ नोव्हेंबर अख्खा महाराष्ट्र मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. नाटककार देवल आपल्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व नागठाण्याचे. हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पाहुणे आले की आयर्विन पुलावर उभं राहून आपण ऐकवतो, नाट्यपंढरी म्हणे. आणि याच महिन्यात, ५ तारखेला भावे गौरवपदकाच्या कार्यक्रमाला पाय ठेवायला जागा नव्हती. मीही गेले होते, भिंतीला टेकून उभी होते. पदक द्यायला आणि घ्यायला मोठी माणसं येतात, ती बघायला गाव लोटतं. लोटू दे, मला आनंदच आहे. पण त्या गर्दीतली वीस माणसं काल का नव्हती? पंढरीत देवळाच्या कळसाला हात जोडायचे आणि आत जायचंच नाही, असली कसली वारी?

नाटक कसं होतं विचाराल तर पहिला अंक लांबला. एका प्रवेशात प्रकाश चुकला, माणूस बोलतोय उजवीकडं आणि उजेड डावीकडच्या माठावर. हे मान्य. पण दुसऱ्या अंकात ती आईचं काम करणारी बाई कोऱ्या सातबाऱ्यासमोर नुसती बसून राहिली, एक शब्द नाही, आणि सभागृहातली ती दोन तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. मी पुण्यात पाचशेचं तिकीट काढून बघितलेल्या नाटकांतला एकही प्रवेश मला आज आठवत नाही. हा आठवतोय.

नंतर मी आत गेले. जाणार नव्हते, पण तो डब्यावरचा पोरगाच घ्यायला आला, "मावशी, आत चला, बोलवलंय." ती बाई खोबरेल तेलानं रंग पुसत होती. अंगणवाडीत सेविका आहे. नवऱ्याचं काम करणारा माणूस द्राक्षबागायतदार. तिकडं कवठेमहांकाळकडचा संघ. म्हणाला, गणपतीपासून तालीम धरलीय, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात, रात्री नऊनंतर. मग फळछाटणी आली. छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षावर दावण्या रोग येतो, मग पहाटेपासून फवारणी. सकाळी पाठीवर औषधाचा पंप आणि रात्री तोंडात संवाद. नेपथ्य टेम्पोतून आणलं, त्याच टेम्पोतून द्राक्षाचे क्रेट जातात. आणि एवढं करून प्रयोग किती? एक. अंतिम फेरीत गेलं तर दोन. नाहीतर तो कोरा सातबारा, तो माठ, ती आई, सगळं काल रात्री अकराला टेम्पोत चढलं ते संपलंच.

चौतीस माणसांनी बघितलं.

मला काय सहन होत नाही सांगू? "इथं काही होत नाही" हे वाक्य. ज्यानं कधी पेपरचं आतलं पान उघडून बघितलं नाही तो हे सगळ्यांत ठासून म्हणतो. याच आठवड्याचं सांगते, मला नुसतं विचारून कळलेलं. स्पर्धेत रोज एक नाटक. मिरजेत एका वाद्यकारागिराच्या घरी माडीवर सतारीची बैठक, कुणीही या, सतरंजीवर बसा. गावभागात एका देवळात भजनाच्या पेट्या लागतात, तिथं एक म्हातारे गृहस्थ अशी पखवाज वाजवतात की उठवत नाही. वाचनालयात चित्रांचं प्रदर्शन, चित्रं शाळेच्या कलाशिक्षकाची. एका मराठी सिनेमाचा दुपारी बाराचा एकच खेळ. हा शेवटचा तर बघाच, कारण चार तिकिटं गेली तर दाखवतात, नाहीतर रद्द करून दुसरा मोठा सिनेमा लावतात. आणि मग आपण म्हणतो, मराठी सिनेमे लागतच नाहीत.

मिरजेचं नाव निघालंच आहे तर. गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. दर वर्षी उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. गायिका हिराबाई बडोदेकर मिरजेच्याच जन्माच्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी पुढं पाठवली, मीसुद्धा. छान केलं. पण त्यातल्या किती जणांनी तंबोरा जवळून ऐकलाय? जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना तारेखाली दोरा सरकवतात आणि एका क्षणी आवाज फुलतो, तो क्षण किती जणांनी ऐकलाय? पाच-सहा मैलांवर आहे हो मिरज. वडापची जीप मिळते.

बरं, तुमची बाजूही लिहिते, नाहीतर उद्या फोन येतील. रात्री परतताना बायकांना रिक्षा मिळत नाही, खरं आहे. नोकरी, पोरांचे क्लास, सासू-सासऱ्यांची औषधं, खरं आहे. कार्यक्रम करणारे नीट कळवत नाहीत, आदल्या रात्री एक पत्रिका फिरवतात, त्यात वेळ असते तर ठिकाण नसतं. हेही खरं. पण क्लासच्या गॅदरिंगला तीन तास बसतोच ना आपण? आपलं पोर अडीच मिनिटं नाचणार असतं म्हणून. तिथं आपण "कुणाकडून" असतो.

आणि पास! पासचं मला बोलायचंच आहे. चांगला पगार असलेली, बंगला असलेली माणसं, कार्यक्रमाचं कळलं की पहिला प्रश्न, "पास आहेत का गं एखाद-दोन?" तिकीट चहा-भज्यांच्या पैशात आहे. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी मला पास मागितले, मी मिळवून दिले, आणि त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या रांगेत मधोमध दोन रिकाम्या खुर्च्या. स्टेजवरून गाणाऱ्याला त्याच दिसतात. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की मध्यंतरात बाहेर जाऊन उभी राहिले. यापुढं मी कुणालाही पास मिळवून देणार नाही. तिकीट काढून देईन हवं तर.

रागात बरंच लिहिलं. थोडं थांबून चहा घेऊन आले.

एक गोष्ट लपवली तर हे सगळं खोटं होईल. कालच्या आधी मी या स्पर्धेचं शेवटचं नाटक आठ वर्षांपूर्वी बघितलं होतं. वडील होते तेव्हा जायचो. ते सायकलवरून पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे मला लहानपणी, आणि नाटक कुठल्या गावच्या संघाचं आहे हे कधीच विचारायचे नाहीत, "आज काय आहे" एवढंच. नंतर लग्न, मग पोरं, मग ते गेले आणि माझं जाणंच तुटलं. आठ वर्षं त्या दाराशी कुणीतरी डबा घेऊन बसत होतं आणि मी घरात मालिका बघत होते. काल तो पोरगा "कुणाकडून" म्हणाला तेव्हा मला आधी त्याचा राग आला होता. घरी येताना कळलं, त्याचं काय चुकलं? त्याच्या उभ्या आयुष्यात, एवढंसं का असेना, तिकीट काढणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी घरचाच होता. कुणी नुसतं नाटकासाठी येतं हे त्याला माहीतच नव्हतं. आपणच त्याला माहीत होऊ दिलं नाही.

निघताना त्या अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या हातात नारळाचा तुकडा ठेवला, नटराजाला फोडलेल्या नारळाचा. "कसं वाटलं?" विचारलं. मी त्या बसून राहिलेल्या प्रवेशाबद्दल सांगायला लागले तर त्यांनी डोळ्याला पदर लावला. घरच्यांनी सगळ्यांनीच छान म्हटलंय, म्हणाल्या, पण घरचे छानच म्हणणार. तुम्ही आमच्या कुणाच्या नाही.

तर आता मी ठरवलंय. दर रविवारी रात्री इथं, माझ्या भिंतीवर, पुढच्या आठवड्याचं लिहीन. सांगली, मिरज, हरिपूर, जमलं तर तासगाव आणि विटाही. नाटक, गाणं, भजन, प्रदर्शन, सिनेमाचा खेळ. वेळ आणि ठिकाण दोन्ही. तुम्हाला काही कळलं तर खाली लिहा. शनिवारपर्यंत लिहिलंत तर बरं, मला फोन करून खात्री करायला वेळ मिळेल.

उद्या सातला मिरजेच्या एका संघाचं नाटक आहे. दोन अंकी. संघातलं मी कुणालाही ओळखत नाही. ह्यांना गुडघ्याला पट्टा बांधून नेतेय, पण मागच्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत. विश्रामबागहून साडेसहाला निघू. परत येताना प्रत्येकीला दारात सोडेन, रिक्षाचं कारण सांगू नका. तिकीट आपलं आपण काढायचं.

आणि त्या ग्रुपवरच्या दोघी, तुम्ही पुण्याला जा, खुशाल जा. पण आज रात्री दहापर्यंत मला कळवा, गाडीत यायचंय का ते.