चुकांची वही कोरी असेल तर खुश होऊ नका

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान, कुठल्याही औद्योगिक भागात जा, कंपन्यांत टीम बिल्डिंगचं पेव फुटलंय. रामटेक-खिंडसीला सहल, वाढदिवसाला केक, ग्रुपवर फुलांचे फोटो. होऊ द्या, माझा विरोध नाही. पण माणसाला टीम आपली वाटते की नाही, हे केकवरून कळत नाही. सकाळच्या शिफ्ट मीटिंगमध्ये नवा पोरगा "सर, मला हे नाही समजलं" असं बिनधास्त म्हणू शकतो का, त्यावरून कळतं.

मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका ट्रेनीने सांगितलं, "सर, मशीनचा आवाज वेगळा येऊन राहिला." इन्चार्जने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला येऊन किती दिवस झाले रे?" तीन-चार जण हसले. पोरगा गडचिरोलीकडचा, त्याच्या बोलण्याच्या नकला आधीपासून चालायच्याच. त्यानंतर तो मीटिंगमध्ये तोंड उघडेना. आणि जे हसले होते, तेही हळूहळू गप्प झाले. उद्या आपली पाळी येईल, हे त्यांनाही कळलं होतं.

दुसऱ्या शिफ्टच्या इन्चार्जना अशीच शंका कोणी सांगितली, तर ते म्हणाले, "चल, दाखव." मशीन थांबवून बेअरिंग बघितलं, पट्टा बघितला. काहीच निघालं नाही, वर प्रॉडक्शन मागे पडलं. तरी म्हणाले, "बरं केलं सांगितलंस. परत वाटलं तर परत सांग." माझ्या मते खरी कसोटी हीच. शंका खरी निघाली की शाबासकी कोणीही देतं. खोटी निघाल्यावर तुम्ही काय बोलता, त्यावर पुढची शंका तुमच्यापर्यंत येणार की नाही ते ठरतं.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्येच नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. टीममधल्या या मानसिक सुरक्षिततेवरचा, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावरचा, त्यांचा शोधनिबंध १९९९ चा. म्हणून 'शून्य चुका'चा बोर्ड पाहिला की मला अभिमान नाही, काळजी वाटते.

गप्प बसवण्याची किंमत कुठवर जाते, तेही बघा. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं. अनुभवी कॅप्टनने झालंय म्हणून सांगितलं आणि विमान पुढे नेलं. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

काही जण म्हणतात, असं बोलू दिलं तर पोरं डोक्यावर बसतील. नाही बसत. कामात कसूर केली तर जाब विचारायलाच हवा. विचारल्याबद्दल, सांगितल्याबद्दल अपमान नको, एवढंच म्हणणं आहे.

सगळ्यात जास्त राग मला कंत्राटी कामगारांवरून येतो. मशीनपाशी दिवसभर तोच उभा, आवाज बदलल्याचं आधी त्यालाच कळतं, आणि मीटिंगला त्यालाच बोलावत नाहीत! त्याच्या कार्डाची दोरी वेगळ्या रंगाची, हाक कंत्राटदाराच्या नावाने.

ज्यांच्या हातात शिफ्ट आहे, त्यांना हात जोडून विनंती. या पोरांना मीटिंगमध्ये उभं करा. त्यांच्या नावाने हाक मारा. आधी त्यांना बोलू द्या, सिनिअर नंतर बोलतील. आणि कोणी नक्कल केली तर तिथल्या तिथे थांबवा.