कॅमेरा ऑन केला की माणसं जोडली जातात का?

आज दुपारी एचआरचा मेल आला. शुक्रवारी संध्याकाळी व्हर्च्युअल तंबोला, हजेरी कंपल्सरी, कॅमेरा ऑन. म्हणे लांब राहूनही सगळे कनेक्टेड राहिले पाहिजेत. सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा चालू आहे, लोक रात्री अकरापर्यंत क्लायंट कॉलवर असतात आणि त्यांच्याकडून तुम्ही अजून एक तास स्क्रीनसमोर मागताय! डोकंच फिरलं माझं.

मला लगेच आमच्या टीममधला उदगीरचा पोरगा आठवला. २०२१ ला जॉईन झाला, लॅपटॉप कुरिअरने घरी गेला, ऑफिस त्याने बघितलंच नव्हतं. रोज स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, खाली मान घालून तेच, काल हे केलं, आज ते करणार, नो ब्लॉकर्स, म्हणजे कुठे अडलेलं नाही. तेव्हाच्या आमच्या लीड मॅडम त्याला संध्याकाळी फोन करायच्या, टीम्स ॲपवर नाही, साधा फोन. जेवलास का रे, पाऊस झाला का तिकडे, सोयाबीन निघालं का. अशाच गप्पांत एकदा बाहेर आलं की आठवडाभर एकाच एररवर अडकलाय आणि ग्रुपवर विचारायला लाजतोय. मॅडमनी तिथल्या तिथे स्क्रीन शेअर करायला लावून सोडवून दिलं. तंबोल्यात हे कळलं असतं?

पुढे मॅडमना दुसऱ्या क्लायंटच्या कामावर टाकलं. नवीन मॅनेजरकडे तीन शहरांतली माणसं, त्यांना स्वतःला श्वास घ्यायला वेळ नाही, ते कधी फोन करणार? पोरगा हळूहळू गप्प झाला. टीम्सवर ऑनलाइनचा हिरवा ठिपका मात्र दिवसभर असायचा. एक दिवस थेट राजीनामा. मग एचआरने फॉर्म पाठवला, कंपनीला दहापैकी किती मार्क द्याल. अरे, तो इथे होता तेव्हा कुठे होतात तुम्ही?

आणि यावर उपाय काय काढला तर सगळ्यांना ऑफिसला बोलवा. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोकांनी ऑफिसला यायची गरज राहील, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिथे आठवड्याचे पाचही दिवस बोलावणं सुरू झालं. बाकीच्याही कंपन्या कमीजास्त त्याच वाटेने गेल्या. ठीक आहे, या म्हणता तर येतो. पण वाकड ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये सडून पोचायचं, ॲपवर सीट बुक करायची, ती मिळते चौथ्या मजल्यावर, टीममधला एक दुसऱ्या मजल्यावर, बाकीचे चेन्नईत, आणि मग हेडफोन घालून दिवसभर टीम्सवरच बोलायचं. हे तर घरूनही होत होतं की! गेटवरचे कार्ड स्वाइप मोजता, पण कोण कोणाशी बोललं ते कोण बघतं?

फ्रेशर्सना ऑफिसचा फायदा होतो, हे मान्य. शेजारी बसून जे शिकता येतं ते कॉलवर नाही येत. पण शेजारी कोणी बसवलं तर ना.

एचआरच्या पोरींवरही राग काढून उपयोग नाही म्हणा, त्यांनाही वरून टार्गेट असतं, महिन्याला इतके इव्हेंट. राग आहे तो वरच्यांवर. एका मॅनेजरकडे माणसं कमी द्या, त्याच्या आठवड्यात प्रत्येकाशी निवांत बोलायला वेळ ठेवा आणि अप्रेझलला त्याची नोंद घ्या. मॅडमच्या त्या फोनची कुठेच नोंद झाली नाही, त्यांचं रेटिंग तिकिटांवरच, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेल्या कामांवरच ठरलं. हे मला आजही लागतं. ज्या बाईमुळे तो पोरगा टिकून होता तिचं ते काम कंपनीच्या लेखी कामच नव्हतं.

माझ्या लिस्टमध्ये लीड, मॅनेजर असलेले बरेच जण आहात. आज टीममधल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याला फोन करा, आणि कामाचं काही विचारू नका.

जुलैमध्ये माझ्याकडे दोन फ्रेशर्स येतायत, एक नांदेडची आहे, एक साताऱ्याचा. पहिले दोन आठवडे मीही रोज ऑफिसला जाणार आहे. तिघांच्या सीट एकमेकांशेजारी द्या म्हणून फॅसिलिटीला मेल टाकलाय, उत्तर आलं नाहीये अजून. उद्या प्रत्यक्ष जाऊनच भेटतो त्यांना.