पिल्लू, कोंबडी आणि खुराडं

"तिशीच्या आतल्या मुली वाचतात ते 'चिक लिट', चाळिशीपुढच्या बायका वाचतात ते 'हेन लिट'. वयाचा शिक्का असला की आपलं पुस्तक पटकन सापडतं. त्यात कमीपणा कसला?" वाचनाच्या गटांवर हे अधूनमधून फिरत येतं. आधी पिल्लू ('चिक'), मग कोंबडी ('हेन'), खुराडं तेच.

सापडतं म्हणे! ब्रिजेट जोन्स, 'चिक लिट'ची सगळ्यात गाजलेली नायिका, जन्मली १९९५ मध्ये, लंडनच्या 'द इंडिपेंडंट' या दैनिकातल्या सदरात. दैनिक काय, घरातलं कोणीही उचलतं. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. तेव्हा ते तिशीत वाचलेली बाई आता साठीला टेकली. तिने ते पुन्हा वाचायला काढलं, तर कपाट कोणी बदलायचं? बाईने की पुस्तकाने?

मुळात शिक्का मोजतो नायिकेचं वय आणि खपवतो वाचकाचं म्हणून. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) शिकलेल्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींबद्दलचं. त्यावर गदारोळ केला तो मात्र प्रौढ पुरुषांनी. (न वाचताच केला असेल तर गोष्ट वेगळी.) गौरी देशपांड्यांच्या 'एकेक पान गळावया'तली राधा तरुण नाही. मी ते एकोणिसाव्या वर्षी वाचलं, वसतिगृहात, परीक्षेच्या आदल्या रात्री. पेपर बरा गेला नाही, पण आईकडे त्या सुट्टीत मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. 'हेन लिट'चा शिक्का असता, तर ते मी हातातही घेतलं नसतं.

"मग बालसाहित्याला वय कसं चालतं?" असंही विचारतात. सहा वर्षांच्या मुलाला जोडाक्षरं अडतात, पुस्तक आईबाप आणून देतात. तिथे वय उपयोगी. पंचेचाळिशीच्या बाईला कुठलं जोडाक्षर अडतं?

राहिला कमीपणा. १९९५ मध्येच अमेरिकेत क्रिस मॅझा आणि जेफ्री डीशेल यांनी 'चिक लिट' हे नाव एका कथासंग्रहाला दिलं, तेही उपरोधाने. बाजाराने उपरोध गिळला आणि नाव तेवढं ठेवलं. आपल्याकडे 'काकूंच्या कादंबऱ्या' म्हणताना ओठ जसा मुडपतो, तसा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांबद्दल बोलताना मुडपलेला मी पाहिला नाही. शेजारचे काका सत्तरीतही त्या वाचायचे. 'काकांच्या कादंबऱ्या' असं कोणी म्हटलं नाही.