भीक नाही हो, वर्गणी आहे ती

आज सकाळपासून डोकं तडकलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

तारे ओळखायला शिकवणारी एक मुलगी आहे. गेली चार वर्षं व्हिडिओ करते. काल रात्री तिने मेंबरशिप, म्हणजे दर महिन्याला थोडे पैसे देऊन सभासद व्हायची सोय, सुरू केल्याचं सांगितलं. व्हिडिओ सगळ्यांना खुलेच राहणार, फक्त मेंबर होतील त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा लाइव्ह प्रश्नोत्तरं. बस, एवढंच. हे सांगताना बिचारी तीनदा 'सॉरी' म्हणाली. आणि खाली कॉमेंट काय? 'आली शेवटी पैशावर.' 'भीक मागायची वेळ आली का?' 'अनसबस्क्राईब.' ज्यांना तिने व्याध आणि मृग दाखवले, त्यातलेच हे लोक. तिने एकदा पैशाचं नाव काढलं तर लगेच भिकारी?

माझा संताप एवढा का झाला, ते माझ्या सरांमुळे. सर म्हणजे मी त्यांना कधी भेटलेले नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी मी जलरंग हातात घेतले ते त्यांचे व्हिडिओ बघून. तीन वर्षं बघितले, एक पैसा न देता. माझ्या आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, दरवेळी मध्येच डाग फुटायचा, फाटल्यासारखी कड यायची. एकदा हिय्या करून त्यांना चित्राचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी माझं चित्र समोर ठेवून सात मिनिटांचा व्हिडिओ केला. 'कागद अर्धवट वाळलेला असताना तुम्ही परत पाण्याचा ब्रश घालताय. आधी तरी घाला, नाहीतर पूर्ण वाळू द्या. मधल्या वेळेत हात मागे बांधून बसा.' तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते सात मिनिटांत कळलं.

त्या व्हिडिओच्या शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले होते, 'जमलं तर मेंबर व्हा.' मी मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

आता जे म्हणतात 'जाहिराती असतात की, त्यातून मिळतात पैसे', त्यांच्यासाठी. जाहिरातवाल्याला गर्दी हवी असते. जॅक कॉन्टे नावाच्या संगीतकाराने यंत्रमानव घेऊन, अंतराळयानाचा सेट बांधून एक व्हिडिओ केला. हजारो डॉलर आणि कित्येक दिवस त्यात घातले. आणि लाखो लोकांनी पाहिला तरी जाहिरातींचे हातात येणार काही शे डॉलर, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. त्या चिडीतून त्याने २०१३ मध्ये सॅम याम याच्या साथीने पेट्रिऑन नावाची साइट काढली, की ज्यांना काम आवडतं त्यांनी दर महिन्याला थेट थोडे पैसे द्यावेत. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, केविन केली या लेखकाने हिशेब मांडला होता: वर्षाला शंभर डॉलर देणारे हजार सच्चे चाहते असले तर वर्षाचे एक लाख डॉलर होतात, माणूस आपल्या कामावर जगू शकतो. हजार! जाहिरातीच्या जगात हजार माणसं म्हणजे काहीच नाही. सरांच्या मागे तेवढीच माणसं होती, पण एकेक जण कागद-रंग घेऊन बसणारा. त्यातले मेंबर किती? अकरा.

आणि हे काही इंटरनेटने आणलेलं नवं खूळ नाही. १७९५ मध्ये बीथोव्हेनने आपलं ओपस १, म्हणजे प्रकाशनाचा पहिला क्रमांक दिलेल्या तीन पियानो त्रयी, व्हिएन्नामध्ये वर्गणीदार जमवूनच छापली. शंभरावर लोकांनी आगाऊ नावं नोंदवली आणि ती यादी स्वरलिपीसोबत छापली गेली. आजचे क्रिएटर व्हिडिओच्या शेवटी मेंबरांची नावं दाखवतात ते अगदी तेच. त्याला भिकारी म्हणाल?

हो, मान्य, चाहत्यांच्या एकटेपणावर डल्ला मारणारेही आहेत. लाइव्हमध्ये आपलं नाव ऐकावं म्हणून सुपरचॅटवर, म्हणजे पैसे भरून ठळक दिसणाऱ्या संदेशांवर, ऐपतीबाहेर पैसे घालवणारी माणसं मीही पाहिली आहेत. आणि दर महिन्याला दहा जणांना पैसे देणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. नका देऊ. गप्प बसायला काय पैसे पडतात का?

चिडायचंच असेल तर मध्ये बसलेल्यांवर चिडा ना! युट्यूबवर मेंबरशिप घेतली किंवा सुपरचॅट केलं तर जवळजवळ ३० टक्के युट्यूबचे. ट्विच या लाइव्ह व्हिडिओंच्या साइटवर वर्षानुवर्षं बहुतेकांच्या सबस्क्रिप्शनचे निम्मे पैसे कंपनीकडे जात होते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून अ‍ॅपलने आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलेल्या पेट्रिऑनच्या नव्या मेंबरशिपवरही आपलं ३० टक्के कमिशन लावलं. म्हणून सांगते, कुणाला मदत करायची असेल तर आधी ब्राउझरमधून त्यांची साइट उघडा आणि तिथून पैसे द्या, अ‍ॅपमधून नको. नाहीतर ते कमिशन एकतर तुमच्या खिशातून जातं, नाहीतर त्या माणसाच्या वाट्यातून.

ओरडल्याने फरक पडतो बरं का. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पेट्रिऑनने प्रत्येक मदतीवर २.९ टक्के आणि वर ३५ सेंट चाहत्यांकडून घ्यायचं ठरवलं. म्हणजे दहा जणांना एकेक डॉलर देणाऱ्याला दहा वेळा ३५ सेंटचा फटका. छोटी मदत करणारे पटापट गळायला लागले, क्रिएटर हवालदिल झाले, एवढा आरडाओरडा झाला की आठवड्याभरात कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. आणि २० मार्च २०२० ला, सगळे कार्यक्रम बंद पडले होते तेव्हा, संगीतकारांचं संगीत थेट विकणाऱ्या बँडकॅम्प या साइटने एक दिवस आपला वाटा सोडला. त्या एका दिवसात लोकांनी ४३ लाख डॉलरचं संगीत आणि सामान घेतलं. फुकट ऐकण्याची सोय तेव्हाही होती. तरी घेतलं. हे आठवलं की जरा बरं वाटतं.

बरं वाटतं म्हणते, पण सरांचं राहिलंच.

त्या सात मिनिटांनंतर पाच महिन्यांनी त्यांनी लिहिलं, 'पूर्णवेळ नोकरी घेतली आहे, आता व्हिडिओ जमणार नाहीत.' दोनच ओळी. मी त्याच रात्री धावत जाऊन मेंबर झाले. पाच महिने 'पुढच्या महिन्यात' म्हणत होते आणि त्या रात्री दोन मिनिटं लागली. चार दिवसांनी पैसे परत आले. सोबत निरोप: 'आता मी काम करत नाही, तेव्हा हे घेणं बरोबर नाही. चित्रं काढत राहा.' आणि मेंबरशिप बंद करून टाकली.

भीक मागणारा माणूस पैसे परत करतो का हो?

मी एकटी मेंबर झाले असते तर ते थांबले असते असं मी म्हणत नाही. अकराचे बारा झाले असते. पण माझ्यासारखे किती जण 'पुढच्या महिन्यात' म्हणत असतील, ते मला रात्री आठवत राहतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार हे माहीत असलं की माणूस पुढच्या सहा महिन्यांचा विचार करू शकतो, नको ती जाहिरात नाकारू शकतो, कुणा अनोळखी बाईच्या बिघडलेल्या आकाशावर सात मिनिटं घालवू शकतो. व्ह्यूजच्या भरवशावर असं काही करता येत नाही.

आज सकाळी त्या तारे शिकवणाऱ्या मुलीची मेंबर झाले. कॉमेंटमध्ये लिहिलं, 'सॉरी म्हणू नकोस गं.' तिने लगेच हृदय टाकलं. तुमच्यापैकी ज्यांना ती माहीत आहे त्यांनी निदान तिथे जाऊन दोन चांगले शब्द लिहा, ती घाण खाली जाऊ दे.

सरांचं चॅनेल अजून आहे. त्या सात मिनिटांच्या व्हिडिओवर आजच्या तारखेला सहाशे चाळीस व्ह्यूज आहेत. त्यातले शंभरेक तरी माझे असतील.