‘येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान’ : कार्बन चाचणीने नेमकं काय सिद्ध झालं?

“इजिप्तच्या कॉप्टिक पपायरसात येशू ‘माझी पत्नी’ म्हणतो. कार्बन चाचणीत तो अस्सल ठरला, म्हणून चर्चने दडपला.” हा मजकूर अजूनही पुढे ढकलला जातो. कॉप्टिक ही इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा, आणि पपायरस हा एका पाणवनस्पतीपासून केलेला जुना कागद. ‘येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसच्या तुकड्यावर ते शब्द आहेत. बाकीचं टिकत नाही.

दडपला म्हणावं, तर हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी 18 सप्टेंबर 2012 रोजी रोममध्येच, कॉप्टिक अभ्यासकांच्या परिषदेत, तो जाहीर केला होता. येशूचं लग्न झाल्याचा हा पुरावा नव्हे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

कार्बन चाचणी फक्त पपायरसची वनस्पती कधी कापली ते सांगते. उत्तर आलं सातवं ते नववं शतक. पण जुना कोरा पपायरस मिळवता येतो, आणि काजळी-डिंकाची शाई आजही करता येते. लिहिलं कधी, हे त्यातून कळत नाही.

ते मजकुरातून कळतं. जेमतेम 4 बाय 8 सेंटिमीटरच्या या तुकड्यातले बहुतेक शब्दसमूह थोमाच्या शुभवर्तमानातून (बायबलमध्ये नसलेल्या, येशूच्या वचनांच्या जुन्या कॉप्टिक ग्रंथातून) उचलून फिरवलेले आहेत. पहिल्याच ओळीत “माझ्या आईने मला जीवन दिलं” असं आहे. तिथे कॉप्टिक व्याकरणानुसार ‘जीवन’च्या आधी कर्म दाखवणारा ‘म’ हवा. थोमाच्या 101व्या वचनात तो आहे, तुकड्यात नाही. इंटरनेटवर 2002 पासून असलेल्या थोमाच्या एका पीडीएफमध्ये नेमका हाच ‘म’ टंकताना गळला आहे.

निर्णायक पुरावा मात्र शेजारच्या तुकड्याने दिला. त्याच मालकाकडच्या, त्याच हस्ताक्षरातल्या, योहानाच्या शुभवर्तमानाच्या कॉप्टिक तुकड्याच्या सतराही ओळी त्याच शुभवर्तमानाच्या 1924 साली छापलेल्या कॉप्टिक आवृत्तीतल्या एकाआड एक ओळी जिथे तुटतात, तिथेच तुटतात. कॉप्टिकचे अभ्यासक ख्रिश्चन आस्केलँड यांनी 2014 मध्ये हे दाखवलं. शिवाय योहानाच्या तुकड्याची लायकोपॉलिटन ही कॉप्टिक बोली त्या पपायरसच्या काळाआधीच लिखाणातून गेली होती. मालकाची पार्श्वभूमी उघड झाल्यावर, 2016 मध्ये, किंग यांनीही तुकडा बनावट असण्याकडेच पुरावा झुकतो हे मान्य केलं.

याच मजकुराला जोडून फिलिप्पाच्या शुभवर्तमानातलं (बायबलबाहेरच्या आणखी एका जुन्या ग्रंथातलं) चुंबनाचं वाक्यही फिरतं. ते हस्तलिखित खरंच जुनं आहे. 1945 मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलं. पण येशू मग्दालिया मरीयेचं चुंबन कुठे घेत असे, तो शब्द होता तिथे पपायरस फाटलेला आहे. ‘ओठांवर’ हा आधुनिक वाचकांचा तर्क आहे, हस्तलिखितातला शब्द नव्हे.